हळदीच्या गाण्याचं उरलेलं कडवं

जवळ ये बघू. अजून जवळ. आणि आधी तो मोबाईल खाली ठेव, त्याच्याशीच तर मला भांडायचं आहे. लग्नाला वर्ष झालं म्हणून परवा तू तुझ्या हळदीचा तो व्हिडिओ पुन्हा सगळ्यांना दाखवलास. खाली लिहिलंस, माझ्यासाठी रडणारी माझी काकी. वर बदाम, रडके चेहरे, काय काय. मी इथे ओटीवर बसून तो बघितला आणि मोबाईल पालथा घालून ठेवला. शहाणी आहेस. काकीचा व्हिडिओ गावभर फिरवायला वेळ आहे, बेटेगावहून रिक्षात बसून काकीकडे यायला नाही. फोनवर विचारतेस, काकी जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का. हे काय विचारणं झालं? गोळ्यांचं काय, त्या काका मोजून देतात.

तू येत नाहीस, म्हणून कागदावरूनच हाक मारते. जे सांगायचं आहे ते फोनवर सांगण्यासारखं नाही. ऐक. तुझ्या हळदीला मी रडले नव्हते, बाय. मी घाबरले होते.

माझ्या दवाखान्याचं तुला सगळं माहीत आहे असं तू समजतेस. फळं घेऊन भेटून गेलीस, माझे पाय चेपलेस. पण ते सुरू कुठून झालं ते तुला ठाऊक नाही. ते तुझ्या हळदीच्या मांडवात सुरू झालं. तुझ्या दिवसाला डाग नको म्हणून मी बोलले नाही. आता बोलते.

गालाच्या आजाराने मला धरलं तेव्हा तू चौथीत होतीस. डाव्या गालात आत फोड आली होती, बरी होईना. मुंबईला नेलं. आधी कापलं, मग शेक दिला. डॉक्टर त्याला रेडिएशन म्हणतात, आपल्याकडे सगळे शेकच म्हणतात, आणि शेक म्हटलं की बाईमाणसाला वाटतं काहीतरी ऊबदार, बाळंतिणीसारखं. तसलं काही नव्हतं. तोंडावर जाळीचा मुखवटा घालून टेबलाला बांधायचे, डोकं हलू नये म्हणून, आणि सगळे बाहेर निघून जायचे. मी एकटी. दुखायचं नाही, पण महिन्याभरात मानेची डावी बाजू करपलेल्या भाकरीसारखी झाली. तू माझ्या मानेला बोट लावून विचारलं होतंस, काकी, हे खरडून निघेल का?

निघालं नाही. कातडी आजही तशीच आहे, चामड्यासारखी कडक. तोंडाला थुंकी सुटत नाही, पाण्याची बाटली कमरेला लावल्यासारखी बरोबर. तोंड दोन बोटं उघडतं, त्यात जेवढा घास जाईल तेवढा. पण आजार गेला. आणि आवाज राहिला, जरा खरखरीत झाला एवढंच. आम्हाला वाटलं, सुटलो. शेक म्हणजे झालं गेलं, चूल विझली की तवा गार होतो, तसं. इतक्या वर्षांनी तो आतून काही करत असेल हे कुणाच्या स्वप्नात आलं नाही.

आवाज राहिला याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू? पाम गावापासून समुद्रापर्यंतच्या वाड्यांमध्ये हळद असली की पुढे म्हणायला मला बोलवायचे. आता काय, हळद म्हणजे डीजे. पण डीजे संध्याकाळी. दुपारी उखळीत हळद कांडायची ती बायकांनीच, आणि कांडताना गाणं म्हणायचं ते माझ्या सासूने मला तोंडी शिकवलेलं. मी एक ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलायची. ते गाणं तुला पाठ नाही, तुझ्या पिढीत कुणालाच नाही, म्हणून थोडं सांगते.

आधी हळदीचं कूळ येतं, ती कुठल्या मातीत झाली, कुणी धुतली. मग मुलगी वाडीतल्या झाडांचा निरोप घेते, एकेकाचं नाव घेऊन. नारळ, केळ, चिकू, विहिरीवरचं जांभूळ. मग माणसांचा. सगळ्यांत शेवटी आईचा. त्या ओळीवर पुढे म्हणणाऱ्या बाईचा गळा दाटतो. दाटलाच पाहिजे. ती थांबते, बाकीच्या पण थांबतात, मुसळं थांबतात, आणि मग मांडवभर बायका डोळ्यांना पदर लावतात. ही आपली रीत. थोडा वेळ रडून घ्यायचं, नाक पुसायचं, मग उरलेलं कडवं म्हणायचं. खरं सांगायचं तर कितीतरी लग्नांत मी ते दाटणं नुसतं करून दाखवलं आहे. पोरगी ओळखीची पण नसायची.

तुझ्या वेळेला करून दाखवायची गरज नव्हती. तू माझ्या मांडीवर वाढलीस. सकाळपासून मलाच धास्ती होती, की आईच्या ओळीपर्यंत पोचेन की आधीच ढासळेन.

दुपार होती. डीजेवाला मांडवाच्या मागे वायरी जोडत होता. तुझ्या सासरच्या बायका आल्या होत्या, मूळच्या घाटावरच्या, त्यांना हे गाणं नवीन, त्या कौतुकाने बघत होत्या. उखळीवर समोर तुझी आई, आमच्या दोघींच्या हातात एकच मुसळ. झाडं झाली. माणसं झाली. आईची ओळ मी सुरू केली आणि मधल्या शब्दाशी आले, तर तिथे शब्दच नव्हता.

कसं सांगू तुला? विसरणं वेगळं. विसरलेलं आपल्याला माहीत असतं की विसरलं आहे, जिभेवर येतंय असं वाटतं. इथे जिभेवर काहीच नव्हतं. तुझी आई समोर दिसत होती आणि तिला काय म्हणतात तेही मला ठाऊक नव्हतं. तोंड हलत होतं. आतून मी म्हणत होते, थांबा, मला काहीतरी होतंय, पण बाहेर नुसती हवा. मग उजवा हात मुसळावरून घसरला. माझाच हात, पण दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा मांडीवर पडला.

आणि बायका रडायला लागल्या.

रीतच ती. पुढची बाई थांबली की रडायचं. तुझी आई हुंदके देत माझ्या गळ्यात पडली. तू पाटावर बसून ढसढसा रडत होतीस. तुझी सासू, बिचारी नवी माणूस, तीपण डोळे पुसत म्हणाली, काकींचा किती जीव आहे. मी सगळ्यांच्या मधोमध बसले होते, आणि एवढ्या माझ्या माणसांत एकालाही कळत नव्हतं की मी बुडतेय. त्यांच्याकडे बघून मी डोळ्यांनी सांगत होते. त्या माझ्या डोळ्यांकडे बघून आणखी रडत होत्या.

विहिरीवरून कळशी भरून आणावी एवढ्या वेळात हात परत आला. मग शब्द आले, एकेक, ओले झाल्यासारखे जड. पहिला शब्द मी पाणी म्हटला. कुणीतरी बाटली दिली. तोवर तुझ्या आईनेच दुसरं गाणं उचललं होतं, कारण मागे डीजेवाला घाई करत होता. आईच्या ओळीनंतरचं कडवं तसंच राहिलं. राहिलं हे कुणाच्या लक्षात पण आलं नाही.

संध्याकाळी जी भेटेल ती म्हणे, काय गायलीस, काळीज कापलंस. मी हसत होते आणि उजव्या हाताने पदराचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं, बोटं अजून माझी आहेत का ते बघायला. हळदीच्या घरात आजाराचं नाव काढत नाहीत. आणि हा आजार होता का, तेही मला कळत नव्हतं. मला वाटलं, आपण इतक्या पोरींसाठी खोटं रडलो, त्याचा हा दंड. मग वाटलं, उपास झाला, ऊन झालं, पित्त झालं. भीती वाटली की माणूस दहा कारणं शोधतं, फक्त खरं सोडून.

तुझी पाठवणी झाली. त्यानंतर मी एक खेळ सुरू केला. सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी वाडीतली झाडं मोठ्याने म्हणायची. नारळ, केळ, चिकू. जीभ वळते आहे ना? मग उजव्या हाताची मूठ. तुझ्या काकांना वाटायचं मी देवाचं काही म्हणते. एकदा म्हणाले, तुझ्या देवांमध्ये चिकू कधीपासून आला? मी म्हटलं, झोपा.

मग चिकूचेच दिवस आले. अंगणात पाण्याच्या टबात चिकू धूत होते. तर डाव्या डोळ्यावर वरून हळूहळू काहीतरी करडं उतरायला लागलं. दुकानाचं शटर ओढतात ना, अगदी तसं. अर्ध्यावर आलं, मग सगळं बंद. डावा डोळा झाकला तर चिकू दिसत होते, उजवा झाकला तर काहीच नाही. मी टबात हात घालून तशीच बसले. उठले तर पडेन, ओरडले तर आवाज येणार नाही, असं वाटत होतं. थोड्या वेळाने शटर वर गेलं. तेव्हा हाक मारली. तोंडातून हाक बाहेर आली, एवढ्यानेच मला रडू फुटलं. आणि गंमत बघ, खरं रडले तेव्हा बघायला मांडव नव्हता, नुसत्या कोंबड्या.

काकांना सांगितलं, पण फक्त डोळ्याचं. ते म्हणाले मोतीबिंदू असेल, आणि पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. कोळगावच्या त्या नव्या सरकारी कचेऱ्यांच्या बाजूने रिक्षा गेली. हे मला दाखवत होते, बघ केवढ्या इमारती, आणि मी एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून बघत होते, की दोन्हीकडून इमारती आहेत का.

डोळ्यांचे डॉक्टर वयस्कर, शांत. डोळा सगळा तपासला आणि म्हणाले, डोळ्यात काहीच नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. पण ते माझ्या डोळ्याकडे बघतच नव्हते, माझ्या मानेकडे बघत होते. विचारलं, इथे शेक दिला होता का? कुठल्या साली? मग छाती तपासायची नळी काढली आणि माझ्या मानेवर ठेवली. म्हणाले, श्वास धरा. मी धरला. त्यांनी पण धरला. मग उठून त्यांनी स्वतःच दुसऱ्या डॉक्टरला फोन लावला आणि आम्हाला सांगितलं, घरी जाऊ नका, इथूनच जा. मोठ्या माणसाने हळू आवाजात घाई केली की त्याच्यासारखी भीती नाही.

दुसऱ्या जागी मानेची सोनोग्राफी केली. पोटाची करतात तशीच, थंड जेल लावून. त्या मशीनमधून माझं रक्त ऐकू येत होतं. उजवीकडे ठीक, धप धप. डावीकडे यंत्र सरकवलं आणि आवाज बदलला. खाडीकाठच्या खाजणाच्या बांधाला अरुंद मोरी असते, भरतीचं पाणी तिच्यातून शिरताना जसं फूत्कारतं, तसा तो आवाज. तपासणाऱ्या बाईने काही सांगितलं नाही. गरज नव्हती. बांधावर वाढलेल्या माणसाला मोरी तुंबल्याचा आवाज कळतो.

त्याच दिवसापासून रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली, आणि त्याच आठवड्यात गाडी करून मुंबईला गेलो. तिथली डॉक्टर पोरगी तुझ्याहून थोडी मोठी असेल. तिने कागदावर शीर काढून दाखवली. म्हणाली, आजी, शेकाने आजार जाळला ते खरं. पण मानेतून डोक्याला रक्त नेणारी शीर त्याच वाटेत होती. तीही आतून भाजली. भाजलेली जागा वर्षानुवर्षं जाड होत जाते, शीर अरुंद होते, आत कचरा धरतो, त्याचा एखादा कण सुटून वर जातो. डोळ्याकडे गेला तर डोळा जातो. मेंदूकडे गेला तर हात. आणि तुमची बाजू डावी आहे, म्हणून बोलणं.

मग तिने विचारलं, असं आधी कधी झालं होतं का? बोलता न येणं, हात लुळा पडणं?

मी काकांकडे बघितलं आणि म्हटलं, पुतणीच्या हळदीला. मग खिशातून मोबाईल काढून त्यांनी तो व्हिडिओ शोधला आणि डॉक्टरला दिला. तिने तो बघितला. इतक्या माणसांनी तो बघितला आहे, बाय, आणि प्रत्येकाने डोळे पुसले. ती एकटी रडली नाही. तिने तो थांबवला, बोटांनी माझा चेहरा मोठा केला आणि आम्हाला दाखवला. ओठाची उजवी कड खाली ओघळली होती. तू पुन्हा बघ. तुझी आई माझ्या गळ्यात पडते त्याच्या जरा आधी. आता तुला दिसेल. एकदा दिसलं की मग दुसरं काही दिसत नाही.

उपाय दोन होते, आणि दोन्हींची भीती. मान उघडून शीर साफ करायची, तर भाजलेली कातडी नीट भरून येईल याचा भरवसा नाही. म्हणून जांघेतून तार घालून मानेपर्यंत न्यायची आणि अरुंद जागी जाळीची नळी बसवायची. पण तार नेतानाच एखादा कण सुटला, तर जे वाचवायला गेलो तेच जाईल, हेही तिने स्पष्ट सांगितलं. नाही केलं तर? तर कधीतरी आपोआप. कदाचित उद्या, कदाचित कधीच नाही.

मी नको म्हटलं. मरणाला मी भ्याले नव्हते गं, ते एकदा बघून आले होते. पण तोंड उघडं आणि आत काही नाही, आणि समोरचे रडतायत, तसं उरलेलं आयुष्य काढायचं? दवाखान्याच्या बाकावर मी हेच घोळवत बसले होते. काका बाजूला. हे किती बोलतात तुला माहीत आहे, दिवसाला चार वाक्यं, त्यातलं एक चहा. शेवटी म्हणाले, "तू बोलली नाय, तर घरात मी कुणाचं ऐकू?"

मी म्हटलं, "मग काय करू?"

"मला काय माहीत. मला भीती वाटते." एवढं म्हणून ते चपलेचा अंगठा नीट करायला लागले. चाळीसएक वर्षांत हे मला भीती वाटते असं कधी बोलले नव्हते. कुठल्या वादळाला नाही, माझ्या पहिल्या आजाराला पण नाही. दोघांनी नुसतं भीत बसण्यापेक्षा एकदाचं करून टाकू, म्हणून मी हो म्हटलं. धीर वगैरे काही नव्हता.

भूल देत नाहीत, हे मला माहीत नव्हतं. जागं ठेवतात. उजव्या हातात रबराचं एक खेळणं दिलं, लहान पोरांचं, दाबलं की चूं करणारं. आजी, आम्ही सांगू तेव्हा दाबायचं, आणि विचारू त्याचं उत्तर द्यायचं. बोलत राहा. जन्मभर लोकांनी मला गप्प बस म्हटलं, बोलत राहा म्हणणारी ही पहिलीच. गाव कुठलं, मी सांगितलं. आज वार कुठला, सांगितलं. चूं. चूं. मानेत काहीतरी गरम गरम सरकत होतं.

मग तिने सांगितलं, आता नळी बसवायला शिरेत फुगा फुगवणार. आणि माझ्या छातीतलं घड्याळ एकदम मंद झालं. दिवे लांब गेले. कुणीतरी म्हणत होतं, आजी, खोका, जोरात खोका. मग, दाबा. मी दाबलं. आवाज आला नाही. दाबतेय की नुसतं वाटतंय, कळेना. मी मनातल्या मनात आपलं गाणं धरलं, बुडताना दोर धरतात तसं. हळदीचं कूळ, नारळ, केळ, माणसं, आईची ओळ. आणि आईच्या ओळीपाशी मी थांबले. पुढे गेले नाही. पुढे शब्द नसला तर? ते मला बघायचं नव्हतं.

चूं वाजलं. कुणाच्या हातातलं, असं मला वाटलं. माझ्याच.

तू फळं घेऊन भेटायला आलीस ते यानंतर. मी बडबड करत होते, म्हणून तुला वाटलं काकी खणखणीत आहे. आहेच. डावा डोळा दिसतो, हात मुसळ धरतो, जीभ तुझ्याशी भांडते आहे. डाव्या शिरेतला फूत्कार गेला. पण मागच्या महिन्यात परत मानेची तपासणी केली, तर उजव्या बाजूला आवाज बदलायला लागला आहे. शेकाची थोडी आच तिकडेही लागली होती. अजून बरीच वाट मोकळी आहे, गोळ्या घ्या, लक्ष ठेवा, सहा महिन्यांनी या, असं म्हणाले. लक्ष कसं ठेवायचं गं, स्वतःच्या मानेवर? मी आरशासमोर हसून बघते, ओठ दोन्हीकडे सारखे जातात का. सकाळी झाडं म्हणते. आता काका पण म्हणतात. मी नारळ म्हटलं की ते पलीकडच्या खाटेवरून केळ म्हणतात. देवांची थट्टा केव्हाच बंद झाली. आणि तुला एक सांगून ठेवते, तूही शिकून ठेव. माझं किंवा कुणाचंही तोंड वाकडं झालं, हात पडला, शब्द गेला, मग ते क्षणात बरं झालं तरी रडत बसायचं नाही, तडक दवाखाना. रीत राहू दे बाजूला.

आता ज्यासाठी हाक मारली ते. ते उरलेलं कडवं मी अजून म्हटलेलं नाही. तुझ्या हळदीनंतर नाही, टेबलावर नाही, घरी परतल्यावर नाही. झाडं म्हणते, माणसं म्हणते, आईच्या ओळीशी येते आणि पाणी पिते. कडवं आत आहे की त्या दुपारीच गेलं, मला माहीत नाही. एकटीने बघायची छाती होत नाही. ते दुसऱ्या कुणाला येत पण नाही, तुझ्या आईला अर्धंमुर्धं, तेही चुकीचं. गेलं तर गेलंच.

त्या कडव्यात काय आहे ते तुला सांगते, शब्द नाही, नुसता अर्थ. मुलीने सगळ्यांचा निरोप घेतलेला असतो. मग घर तिला उत्तर देतं. उंबरा बोलतो, विहीर बोलते. कुणी रडत नाही त्यात, सगळे एकच म्हणतात, परत ये.

तर ये. दुपारची ये, हे वाडीत गेलेले असतात. माझ्या उजव्या हाताला बस, हात धरून ठेव आणि ओठांकडे लक्ष दे. मी म्हणते, तू उचल. अडले तर नुसती थांब, रडू नकोस, थोडी वाट बघ. येत्या रविवारी जमतंय का बघ. नाहीतर त्याच्या आधीच ये.